नैसर्गिक उपचारांच्या ॲपची दीड वर्षाची मेंबरशिप: राखण बरी आहे, पण मागचं दार सताड उघडं

५ पैकी ३ स्टार. एक स्टार का कापला आणि दुसरा का कापला हे सांगायला थोडं लांबड लावावं लागेल, तेव्हा घाई असेल तर खाली पर्सनल मेसेजबद्दल लिहिलंय तेवढं वाचा आणि मग ठरवा.

नाव लिहीत नाहीये, कारण अशी ॲप आता खंडीभर आहेत आणि मी जे सांगतेय ते थोड्याफार फरकानं सगळ्यांना लागू पडेल. पैसे भरून मेंबर व्हायचं, मग वनस्पतींची माहिती, श्वासाचे व्यायाम, झोपेचे ऑडिओ वगैरे मिळतं (ऑडिओ बरे आहेत, वनस्पतींच्या माहितीत फोटो जास्त आणि मजकूर कमी). पण लोक खरे येतात ते ग्रुपसाठी. म्हणजे आपला त्रास लिहायचा आणि बाकीचे मेंबर सल्ला देणार. आता रिव्ह्यू लिहिणारे सगळे ऑडिओ कसे आहेत, डिझाइन कसं आहे एवढंच लिहितात, तो सल्ला तपासतं कोण यावर कुणी अवाक्षर काढत नाही, आणि खरं तर पैसे त्याचेच द्यायला पाहिजेत.

मी आले अर्धशिशीसाठी. पहिल्या रात्री पोस्ट टाकली, डोकं ठणकतंय, डावा डोळा उघडवत नाहीये, काय करू. तासाभरात तीसेक उत्तरं. अंधारात पडून राहा, पाणी प्या, मॅग्नेशियम, मानेला शेक, आणि एका दादांनी ठासून लिहिलं की बटरबर (एक वनस्पती, तिच्या गोळ्या मिळतात) घ्या, अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजीच्या मोठ्या संघटनेनं शिफारस केलीय, हवं तर शोधून बघा. मी शोधलं तर खरंच सापडलं, २०१२ ची मार्गदर्शिका होती. मागवायलाच बसले होते तेवढ्यात मॉडरेटरची टीप आली त्या उत्तराखाली. टीप छोटी होती, की शिफारस खरी आहे पण त्याच संघटनेनं ती २०१५ मध्ये मागे घेतली, कारण बटरबरमध्ये यकृताला इजा करणारी द्रव्यं असतात आणि ज्या गोळ्यांतून ती काढल्याचा दावा होता त्यांच्याबद्दलही शंका आली. दादांना कुणी खोटं पाडलं नाही, त्यांचं उत्तरही उडवलं नाही, फक्त खाली पुढची गोष्ट जोडली. दादा पण म्हणाले, अरे हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मला ते इतकं आवडलं की सहा महिन्यांनी मीच मॉडरेटर म्हणून नाव दिलं. बिनपगारी काम, हे आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी म्हणेल कंपनीचीच बाई आहे.

आता मॉडरेशन चालतं कसं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की अमुक वनस्पती गुणकारी आहे की नाही यावर वाद घालत बसू नका, आयुष्य जाईल. तीनच गोष्टी बघायच्या: कुणी कुणाला चालू औषध बंद करायला सांगतंय का, कुणी तपासणी पुढे ढकलायला लावतंय का, आणि जे घ्यायला सांगतंय ते स्वतःच घातक आहे का. बाकी सगळं राहू दे. पहिल्यांदा मला हे फारच ढिलं वाटलं होतं. पण काम करायला लागल्यावर कळलं की दुसरं काही जमतच नाही. रोजच्या शेकडो पोस्टमध्ये प्रत्येक काढ्याचा अभ्यास कोण शोधत बसणार? पण 'इन्सुलिन सोडा, महिनाभर उपास करा' हे दोन सेकंदात दिसतं, आणि टाइप वन डायबेटिसवाल्यानं ते मनावर घेतलं तर महिना काय, काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं. फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड, ही पण अचानक सोडायची औषधं नव्हेत. अशी पोस्ट आधी उडवायची, मग लिहिणाऱ्याशी बोलायचं.

थेट उडवायच्या गोष्टींची एक यादी पण असते आणि ती बघून मला खरंच घाम फुटला होता. सोडियम क्लोराइटमध्ये आम्ल मिसळून पितात, 'मिरॅकल मिनरल' किंवा 'एमएमएस' म्हणून, म्हणजे क्लोरीन डायऑक्साइड, कारखान्यातलं ब्लीच. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१० मध्ये इशारा दिला, २०१९ मध्ये पुन्हा दिला, २०२३ मध्ये फ्लोरिडात हे विकणाऱ्या बापाला आणि त्याच्या ३ मुलांना ज्यूरीनं दोषी ठरवलं, तरी दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की किती थेंब. चांदीचं पाणी पिणारे वेगळे, त्यानं कातडी निळसर राखाडी होते आणि ती परत पहिल्यासारखी होत नाही. काळा मलम वेगळा, चामखीळ किंवा कॅन्सरची गाठ 'ओढून काढतो' म्हणतात, प्रत्यक्षात चांगली वाईट सगळीच कातडी जाळतो, वर खपली धरते आणि खाली गाठ आपली वाढत राहते. जर्दाळूच्या बिया, ज्यांच्यातून पोटात सायनाइड तयार होतं, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलंय की मोठ्या माणसानं ३ लहान कच्च्या बियांच्या वर खाल्ल्या की सुरक्षित मर्यादा ओलांडली, आणि ग्रुपात कुणी सांगतंय मूठभर खा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. ही यादी ॲपनं मेंबरांना उघड दाखवायला पाहिजे, ती फक्त मॉडरेटरांना का दिसते हे मला आजवर समजलेलं नाही. विचारलं तर म्हणे, यादी दाखवली की लोक त्यातून आयडिया घेतील!

आता माझी फजिती. एका ताईंनी फोटो टाकला, 'लिव्हर फ्लश केलं, ४२ खडे पडले, ऑपरेशन वाचलं'. पांढऱ्या बशीत हिरवे, वाटाण्यापासून बोराएवढे गोळे, नीट आकारानुसार मांडलेले, मोजलेले, बाजूला मापासाठी पट्टी ठेवलेली. खाली दीडशे लाइक्स आणि कृती द्या, कृती द्या. कृती म्हणजे पित्ताशयातले खडे पडावेत म्हणून उपाशी पोटी भरपूर ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस. मी नवीन होते, जोशात पोस्ट उडवली आणि ताईंना कळवलं की ही चुकीची माहिती आहे. त्या खवळल्या, म्हणाल्या, माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि तू मला शिकवतेस, आणि ग्रुप सोडून गेल्या. जाताना आठ-दहा जणींना घेऊन गेल्या आणि दुसरीकडे, जिथे कुणी आडवणारं नाही तिथे, तीच कृती दुप्पट जोरात चालू झाली. म्हणजे मी काय मिळवलं? शून्य.

आमच्या टीममध्ये एक निवृत्त फार्मसिस्ट काका होते. ते म्हणाले, अगं, त्यांना खोटं ठरवायची घाई का, खडे पडले हे खरंच आहे. फक्त ते पित्ताशयातले नाहीत. मग त्यांनी समजावलं की तेल आणि लिंबू पोटात गेल्यावर आतड्यातच त्याचा साबणासारखा गोळा बनतो. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात असाच एक किस्सा छापून आलाय, बाईंनी आणलेले हिरवे खडे तपासले तर ४० डिग्रीला दहा मिनिटांत वितळून त्यांचं तेलकट हिरवं पाणी झालं. पित्ताचा खरा खडा असा वितळत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या एका मेंबरनी तसाच फोटो टाकला तेव्हा मी पोस्ट राहू दिली, खाली लिहिलं, अहो ताई, एक खडा वाटीत कोमट पाण्यात टाकून बघाल का, पाणी हाताला सोसेल इतपत गरम असू दे, आणि फ्लशच्या आधी सोनोग्राफी केली असेल तर आता परत एकदा करून घ्या. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी वाटीचा फोटो, वर हिरवट तवंग, खाली एकच ओळ, 'विरघळला की हो'. पुढे सोनोग्राफीतही पित्ताशयातले दोन खडे जागच्या जागी निघाले, ते पण त्यांनी स्वतःच लिहिलं. त्या एका धाग्यानं जे झालं ते शंभर पोस्ट उडवून झालं नसतं. हे शिकवणारी माणसं या ॲपमध्ये आहेत म्हणून तीन स्टार, नाहीतर एकच दिला असता.

तक्रारी. पहिली, रात्रीची. मॉडरेटर सगळे फुकट काम करणारे, त्यांना झोप आहे, घर आहे, त्यामुळे रात्री ग्रुप फिल्टरच्या भरवशावर असतो. आणि फिल्टर म्हणजे ठरावीक शब्द पकडणारी जाळी. ज्यांना जाळी चुकवायची ते चुकवतात, 'ती तीन अक्षरं', 'थेंबवालं', 'गोळ्यांना रामराम' असं लिहितात आणि आरामात आत येतात. उलट एखादा बिचारा खरंच घाबरून विचारतो की मला रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगतायत, करू का, तर त्याचीच पोस्ट अडकते कारण त्यात 'गोळी बंद' आलं! ज्याला उत्तराची सगळ्यात जास्त गरज त्याला 'आपली पोस्ट नियमांत बसत नाही' असा निरोप. मी हे पाच वेळा कळवलं. पाच.

दुसरी जास्त गंभीर आहे. फिल्टर असो की माणूस, एक वाक्य कुणालाच पकडता येत नाही, ते म्हणजे 'विष बाहेर पडतंय'. पुरळ आली, विष बाहेर पडतंय. जुलाब लागले, विष बाहेर पडतंय. चक्कर, ताप, धडधड, सगळं शुभलक्षण. याला ग्रुपात 'हीलिंग क्रायसिस' म्हणतात आणि थोडं वाचलेले लोक 'हर्क्सहायमर' म्हणतात. आता हर्क्सहायमर रिॲक्शन ही खरी गोष्ट आहे, सिफिलिससारख्या आजारात औषधानं जंतू एकदम मरायला लागले की काही तासांत ताप, थंडी भरते आणि साधारण दिवसभरात उतरते. पण ती त्या ठरावीक जंतूंची गोष्ट. काढा पिऊन आठ दिवस उलट्या होतायत त्याला ते नाव देऊन चालत नाही. या शब्दाची गंमत अशी की उपचार लागू पडला तरी उपचार बरोबर आणि त्रास झाला तरी उपचार बरोबर, माणसानं थांबायचं कधी?

एका दादांनी रात्री अकराला लिहिलं की वजन कमी करायच्या वनस्पतीच्या गोळ्या तीन आठवडे घेतोय, अंगाला खाज सुटलीय, लघवी गडद होतेय. सकाळी सहापर्यंत खाली सतरा उत्तरं होती आणि त्यातली चौदा अभिनंदनाची. एकीनं लिहिलं होतं डोस वाढवा. मी उठून बघितलं तेव्हा पोटात गोळा आला, लगेच लिहिलं की गोळ्या आत्ता थांबवा, डोळ्यांचा पांढरा भाग आरशात बघा आणि आजच डॉक्टरकडे जाऊन यकृताची तपासणी करा, गोळ्यांची डबी सोबत न्या. डोळे पिवळेच होते. ते बरे झाले, बऱ्याच आठवड्यांनी, पण ते सात तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. 'नैसर्गिक' म्हणून गाफील राहायचं नाही हे काका नेहमी बेल्जियमच्या गोष्टीवरून सांगायचे: नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि शंभराच्या वर लोकांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. त्यांच्यापैकीही कुणालातरी विष बाहेर पडतंय असंच वाटलं असेल की.

मी काही वनस्पतींच्या विरोधात नाही, तसं असतं तर इथे आलेच नसते. विल्यम विदरिंग या इंग्लंडच्या डॉक्टरनं १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांवर लिहिलं त्यातून हृदयाचं औषध आलं, आणि ते जरा जास्त झालं तर तेच हृदय बंद पाडतं. चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं ते मलेरियावर, जुन्या चिनी ग्रंथातल्या एका वनस्पतीवरून, पण त्यांनी त्यातला नेमका घटक वेगळा काढला, कमी तापमानात काढला कारण उष्णतेनं तो बिघडत होता. आमच्या ग्रुपात मात्र त्या वनस्पतीचा उकळून चहा करा म्हणून सांगणारे निघतात. वनस्पतीत ताकद असते हे ज्याला पटलंय त्यानं तर डोस आणि बाकीच्या गोळ्यांशी भांडण याची जास्त काळजी करायला हवी ना?

आणि इथे ॲपचं एक फीचर खरंच मस्त आहे, 'जोडी तपासा'. आपण घेतोय त्या गोळ्या आणि वनस्पती टाकायच्या, फार्मसिस्ट बघून दुसऱ्या दिवशी उत्तर देतात. उदासीसाठी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेणाऱ्या एका मुलीला इथेच कळलं की त्यानं गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. (अवयव बदललेल्या माणसाला शरीरानं तो नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन देतात, त्याचंही तेच करतं, तिथे तर नवा अवयव जाऊ शकतो.) खोकल्यासाठी महिनोनमहिने ज्येष्ठमध खाणाऱ्या एका काकांचं बीपी का चढतंय ते इथेच सापडलं. आणि मला स्वतःला बायोटिनचं कळलं. केसांसाठी मोठ्या डोसचं बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत होते, त्यानं रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, हार्ट अटॅकची ट्रोपोनिन तपासणीसुद्धा, एफडीएनं २०१७ मध्ये तसा इशारा दिलाय. हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, लॅबवाल्यांनी पण नाही. या एका फीचरसाठी कुणी मेंबरशिप घेतली तर मी नको म्हणणार नाही.

'अनुभव' हा टॅग मात्र बंद करायला हवा किंवा निदान त्याला वेसण घालायला हवी. नियम असा की सल्ला तपासला जाईल, स्वतःचा अनुभव तपासला जाणार नाही. झालं, सगळे अनुभवी झाले. 'मी डॉक्टर नाही, कुणाला सांगतही नाहीये, फक्त माझ्या मावशीची केमो बंद केली आणि ती ठणठणीत आहे'. केमो कधी बंद केली, कधी लिहिताय, ऑपरेशन आधी झालं होतं का, काही नाही. आणि ज्यांची मावशी गेली ते अनुभव लिहायला येत नाहीत, त्यामुळे भिंतीवर सगळ्या ठणठणीत मावश्याच दिसतात. २०१८ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात बरा होण्यासारखा कॅन्सर असलेले २८१ लोक होते ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी तुलना केली तर त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. मी सुचवलं होतं की अनुभवाला तीन रकाने सक्तीचे करा, निदान कुणी केलं, सोबत दुसरं काय चालू होतं, किती दिवस झाले. म्हणाले, फॉर्म लांब झाला की पोस्ट कमी होतात. मग होऊ देत की!

आणि आता ते मागचं दार. ग्रुपात कितीही राखण करा, पर्सनल मेसेज मोकळे आहेत. तुम्ही त्रास लिहिलात की दहा मिनिटांत इनबॉक्समध्ये कुणीतरी येतं, 'ग्रुपात उघड बोलता येत नाही, इथले लोक फार्मा कंपन्यांचे आहेत, मी तुम्हाला खरं सांगतो'. तिथे मॉडरेटरला काही दिसत नाही, रिपोर्टचं बटण नाही, ब्लॉक केलं तर तो नव्या नावानं हजर. आम्ही पुढून एक पोस्ट उडवायची आणि तीच मागून पन्नास जणांना पोचणार, वर 'दडपलेलं सत्य' म्हणून तिला भाव जास्त. आम्ही उडवलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट जाहिरात म्हणून फिरताना मी स्वतः पाहिलाय. पहिला स्टार इथे गेला.

शिवाय ॲपचं स्वतःचं दुकान आहे. तिथे पायाचं डिटॉक्स मशीन मिळतं, मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचे, करंट सुरू, अर्ध्या तासात पाणी तपकिरी, म्हणजे शरीरातलं विष उतरलं. मी ते मागवलं, सूचनेप्रमाणे मीठ घातलं आणि पाय न घालता चालू करून बाजूला बसले. पाणी तसंच तपकिरी झालं, वर फेससुद्धा आला, कारण तो इलेक्ट्रोडचा गंज आहे. दर पाच मिनिटांनी फोटो काढून पोस्ट टाकली. माझी, म्हणजे मॉडरेटरची पोस्ट, चार दिवस 'तपासणीत' राहिली आणि मग दुकानाच्या विभागात हलवली गेली जिथे कुत्रं फिरकत नाही. बाहेरच्यांचं विष उडवायचं आणि घरचं विकायचं, यात माझा दुसरा स्टार गेला. महिनाभरानं मी मॉडरेटरचं काम सोडलं, काकांनी माझ्याआधीच सोडलं होतं.

घ्यायचीच असेल तर मेंबरशिप घ्या, 'जोडी तपासा' वापरा, ऑडिओ ऐका, ग्रुप वाचा पण इनबॉक्स सेटिंगमध्ये जाऊन बंद करा (प्रोफाइल, मग गोपनीयता, मग अगदी तळाला, मुद्दाम लपवल्यासारखं). नवीन, घाबरलेला, नुकतंच मोठ्या आजाराचं निदान झालेला माणूस असेल तर त्याला मी एकटं इथे पाठवणार नाही.

माझी रिन्यूची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. ऑटो-रिन्यू बंद केलंय आणि सपोर्टला लिहिलंय की पर्सनल मेसेजवर रिपोर्टचं बटण आलं की कळवा, लगेच पैसे भरते. त्यांचं उत्तर आलं दोन मिनिटांत, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे', आणि खाली डिटॉक्स मशीनवरच्या सवलतीचं कूपन.